वजन कुठाय

रेहाना,
तुझे तीस कागद काल रात्री
बायकोचं शिवणाचं मशीन बाजूला सारून
टेबलावर पसरले.
तीस कागद, तीस-तीस सेकंदांचे,
म्हणजे सगळी मिळून पंधरा मिनिटं.
मी दीड तास बघत होतो.

आधी लाल पेन्सिल उचलली,
मग परत पेल्यात ठेवली.

तुझ्या वयाचा होतो तेव्हा
आमचे गुरुजी शेजारी येऊन बसायचे,
हातातला कोळसा काढून घ्यायचे
आणि माझ्याच चित्रात खांदा बरोबर करून द्यायचे.
खांदा बरोबर व्हायचा.
चित्र त्यांचं व्हायचं.
एक अजून आहे घरी, ट्रंकेत. खाली सही माझी.
कुणाला दाखवत नाही.

म्हणून तुझ्या कागदांना मी हात लावलेला नाही.
वर बटरपेपर ठेवून त्यावर लिहिलंय.
पटलं नाही तर काढून टाक.

पाचवा कागद.
तीस सेकंदांत तू हिंदुराव आप्पांच्या मिशा काढल्यास,
एकेक केस. मोडलेला कानही सुरेख.
मग घड्याळ वाजलं आणि पाय राहिले.
बिनपायाचा पैलवान, पोरी,
माती कशानं धरणार?

नववा, दहावा, अकरावा:
रेघ केसाळ झालीय,
अनोळखी मांजरावरून हात फिरवावा
तशी भीत भीत पुढं-मागं.
एकदाच ओढ. चुकू दे.
स्वच्छ चूक दिसते तरी,
धूसर चुकीचं काय करायचं
हे मला पन्नाशी उलटली तरी कळलेलं नाही.
पंचगंगेवर जा एखाद्या दुपारी.
पाण्यातून म्हैस उठते ती बघ:
आधी मागचं अंग, मग गुडघ्यांवरून पुढचं,
आणि पाणी सगळ्यात शेवटी सुटतं.
तेवढंच काढ. शिंगं नकोत.

सतरावा. इथं जरा थांबू.
दोन्ही पायांवर सारखा भार दिलायस,
कवायतीला उभं केल्यासारखा.
आप्पा तसे उभे राहत नाहीत.
तू जन्मायच्या कितीतरी आधी
एका कुस्तीत उजवा गुडघा निसटला त्यांचा,
तेव्हापासून सगळा डोंगर डाव्या पायावर.
कंबर तिकडं कलते, म्हणून खांदा इकडं उतरतो,
म्हणून मान...
मान कुठं जाते ते सांगणार नाही.
स्वतः तशी उभी राहून बघ.
आरशासमोर नको. डोळे मिटून.

तेविसावा तू खोडलायस.
दोन आडव्या रेघा, कोपऱ्यात बारीक अक्षरात 'घाण'.
हा शब्द तुला कुणी शिकवला?
माझ्या तोंडून कधी गेला असेल
तर तोही खोड.

आज सकाळी मी तोच कागद तालमीत नेला.
आत, मातीपाशी, तुला येऊ देत नाहीत.
तू बाहेर पायरीवर बसून काढतेस, चपलांच्या रांगेत,
आणि ते चित्रांत उतरलंय:
तुझी सगळी माणसं जरा खालून पाहिलेली,
आभाळाच्या बाजूला उंच.
याला मी दोष म्हणणार नाही.
पायरीचं मात्र वस्तादांशी बोलतो.

आप्पा आखाड्यात लिंबं पिळत होते.
पंचाला हात पुसून कागद घेतला,
चाळिशी घरी राहिलेली, म्हणून लांब धरला.
आधी उलटा, मग सुलटा.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"गुडगा दुकतोय की ओ ह्याचा," म्हणाले.
आणि कागद परत देताना
उगाच डाव्या पायावरचा भार
उजव्यावर घेऊन बघितला.

रविवारी सहाला ये. कोळसा जाड आण.
मीही तुझ्या शेजारी काढायला बसणार आहे,
बावीस वर्षांनी.
माझे कागद तू तपास.
सर म्हणून गोड बोलू नकोस,
वजन कुठाय, ते विचार.
बटरपेपर तुझ्याकडचा आण,
माझा संपलाय.